किल्ल्यांची घडी

वाङ्मयाला वाहिलेल्या मासिकात किल्ल्या बाळगण्याच्या एका साधनाचे परीक्षण यावे, हे पाहून काही वाचकांच्या कपाळास आठी पडेल. प्रस्तुत लेखकाचा त्यांच्याशी वाद नाही. परंतु टीकेच्या वर्गात आम्ही वर्षानुवर्षे जे शिकवीत आलो ते केवळ पुस्तकांनाच लागू पडते, असे कोणी म्हटलेले नाही. मॅन्झोनीच्या एका नाटकाचा परामर्श घेताना गटे याने टीकाकारापुढे तीन प्रश्न ठेवले होते : कर्त्याने काय योजिले, ते योजणे शहाणपणाचे होते काय, आणि योजिलेले त्याच्या हातून कितपत सिद्धीस गेले. या प्रश्नांपुढे नाटक जसे उभे राहते तसा अडकित्ताही उभा राहू शकतो. उलट अडकित्त्याच्या बाबतीत एक सोय अशी की, त्याच्या कर्त्याने प्रस्तावना लिहिलेली नसते.

आपल्या साधनाला मात्र प्रस्तावना आहे. गेल्या दिवाळीस पुण्याहून आलेल्या चिरंजीवांनी ते मजपुढे ठेविले, तेव्हा डबीतून प्रथम बाहेर पडले ते एक चिठोरे. ही वस्तू वापरू लागल्यावर माणसाच्या खिशातच नव्हे तर आयुष्यातही सुव्यवस्था येते, असा त्याचा मथितार्थ होता. पंचावन्न वर्षे अव्यवस्थेत काढलेल्या माणसास असले आश्वासन सहसा कोणी देत नाही. मी चिठोरे जपून ठेविले व वस्तू हाती घेतली.

तिचे वर्णन थोडक्यात करता येते. बोटाएवढ्या लांबीच्या दोन अॅल्युमिनियमच्या पट्ट्या. दोन्ही टोकांस एकेक पेच. पट्ट्यांच्या मध्ये किल्ल्या आडव्या रचावयाच्या, काही या पेचावर तर काही त्या. दोन किल्ल्यांमध्ये जागा राहिली तर ती भरण्यासाठी बारीक वायसर दिलेले आहेत. पेच आवळला की सर्व किल्ल्या चाकूच्या पात्यांप्रमाणे पट्ट्यांत मिटून जातात आणि हवी ती अंगठ्याने बाहेर काढता येते. मोटारीच्या जाड किल्लीसाठी बाजूस एक कडी आहे, आणि बाटलीचे बूच उघडण्याचे एक पातेही आहे. त्या पात्याचा रत्नागिरीत मला अजून उपयोग झालेला नाही. आमच्या गोटीच्या सोड्याला ते लागत नाही आणि इतर बाटल्यांशी माझा परिचय नाही. या वस्तूला मराठीत रूढ असे नाव नाही. या लेखापुरते मी तिला 'घडी' म्हणेन.

घडीचे कुळ थोर आहे. स्वित्झर्लंडमधील कार्ल एल्सेनर याने १८९१ साली तेथील सैनिकांसाठी चाकू करण्यास आरंभ केला, आणि १८९७ साली अधिकाऱ्यांसाठी अधिक पात्यांचा, परंतु वजनाने हलका असा चाकू नोंदविला. एका मुठीत अनेक हत्यारे मिटवून ठेवण्याची जगप्रसिद्ध युक्ती ती हीच. तिचे दुसरे मातापितर अमेरिकेत आहेत. धाकट्या लायनस येल याने १८६० नंतरच्या पाचसहा वर्षांत खिट्ट्यांच्या कुलपाला पूर्णता आणली व त्यासाठी लहान, चपटी, एका धारेवर दाते असलेली किल्ली योजिली. ही चपटी किल्ली नसती तर घडी संभवलीच नसती. कोकणातील जुन्या घराच्या दाराची वीतभर लांबीची, पोकळ दांड्याची लोखंडी किल्ली कोणत्या पट्टीत मिटणार? म्हणजे या साधनाची कल्पना सुचण्यापूर्वी किल्लीलाच आधी खिशाच्या मापाचे व्हावे लागले. पुढे २०१३ साली अमेरिकेत 'कीस्मार्ट' या नावाने या जातीचे एक साधन लोकांकडून आगाऊ पैसे गोळा करून बाजारात आले, आणि आता त्याची भावंडे आपल्याकडेही पोस्टाने घरपोच येतात. १८९७ या सालाविषयी जाता जाता एक नोंद करावीशी वाटते. त्याच वर्षी अर्देशीर गोदरेज यांनी वकिली सोडल्यावर मुंबईस लालबागेत कुलुपे करण्यास प्रारंभ केला, आणि त्याच वर्षी पुण्यात प्लेगच्या तपासणीसाठी गोरे सोजीर लोकांच्या घरांत शिरत होते. या दोन गोष्टींचा परस्परांशी संबंध आहे असे माझे म्हणणे नाही. परंतु त्या वर्षी आपल्या दारास चांगले कुलूप असावे असे पुष्कळांना वाटले असेल.

आता गुण. ते प्रामाणिकपणे सांगितले पाहिजेत, कारण ते खरे आहेत. माझ्या जुन्या जुडग्याने आजवर माझ्या अनेक विजारींच्या खिशांना भोके पाडली, आणि त्या भोकांतून गेलेल्या नाण्यांचा हिशेब गृहिणीने ठेविलेला आहे. घडीने एकही भोक पाडलेले नाही. तिचा आवाज होत नाही. परीक्षेच्या दालनात मी फिरू लागलो की पूर्वी विद्यार्थी वर न पाहता मला ओळखीत. आता ओळखीत नाहीत, ही गोष्ट पर्यवेक्षकाच्या दृष्टीने लहान नव्हे. अंधारात कोणत्या बोटापाशी कोणती किल्ली आहे हे आठवड्याभरात हाताला पाठ होते. रचना काटेकोर आहे, कोठे अधिक धातू नाही, कोठे उणा नाही. सुनीताच्या चौदा ओळींत जसा एकही शब्द नुसता भरीला असू नये, तसे या पट्ट्यांत आहे. वायसर तेवढे भरीचे, पण तेही वृत्त सांभाळण्यासाठीच. गटेच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर घडीच्या बाजूने द्यावे लागते.

दुसरा प्रश्न अवघड आहे, आणि त्याकडे वळण्यापूर्वी आपल्याकडे ही व्यवस्था पूर्वी कशी होती हे पाहणे इष्ट. 'खिसा' हा शब्द फारसीतून आला, आणि धोतराला तो कधीच नव्हता. धोतर नेसणाऱ्या माणसाला पैशासाठी कनवट होती, किल्लीसाठी कडदोरा होता, आणि ब्राह्मणाला जानवेही होते. ज्या सूत्रास गायत्रीचा अधिकार चिकटलेला, त्यालाच पेटीची किल्ली बांधलेली असे. संध्या करणाऱ्या आजोबांच्या छातीवर ती रुळताना पाहिलेले लोक अद्याप हयात आहेत. धर्मशास्त्राला हे मान्य होते की नाही ते शास्त्री जाणोत. सोयीला मान्य होते. रोमन लोकांच्या पायघोळ टोग्यालाही खिसा नसे, म्हणून त्यांनी किल्लीच बोटातील अंगठीला जोडली. त्या अंगठ्या युरोपातील वस्तुसंग्रहालयांत पाहावयास मिळतात. आपल्याकडील सुखवस्तू घरांत गृहिणीच्या कमरेला चांदीचा छल्ला असे आणि त्यात कोठीपासून कपाटापर्यंतच्या किल्ल्या. इंग्रज कुटुंबिनीही कमरेला अशीच साखळी अडकवीत व तिला किल्ल्यांबरोबर कात्री, अंगुस्तान, सुयांची डबी लटकवीत. वस्तू दूरदूरच्या, पण योजना एकच : किल्ली अंगावर, आणि दिसेल अशी.

या दिसण्याचे गोडवे गाण्याचा मोह टाळला पाहिजे. छल्ला हा दागिना खरा, परंतु तो सत्तेचाही होता. सासूच्या कमरेच्या किल्ल्या सुनेच्या हाती येईपर्यंत सुनेच्या केसांत रुपेरी छटा आलेली असे, आणि मधल्या वीस वर्षांत मूठभर शेंगदाण्यांसाठीही तिला विचारावे लागे. पावलागणिक वाजणारा जुडगा घरातील सर्वांना सांगत असे की, मालक कोण आहे. त्या आवाजापेक्षा घडीचे मौन अधिक सभ्य आहे, असे एखादी सून म्हणाली तर तिचे म्हणणे मी खोडून काढणार नाही.

घडीची खरी तुलना मला करावीशी वाटते ती छल्ल्याशी नव्हे, चंचीशी. लहान जागेत अनेक वस्तू, प्रत्येकीला आपला कप्पा, आणि सर्वांची एक घडी, ही कल्पना जर कोणा एका देशी वस्तूत परिपूर्ण झाली असेल तर ती चंचीत. पाने, कात, चुन्याची डबी, श्रीवर्धनी रोठा, तंबाखू, अडकित्ता. एकाला दुसऱ्याचा स्पर्श नको, आणि तरीही सर्व काही हाताशी. गुंडाळली की मुठीत मावते, वर दोरी. कारागिरीच्या दृष्टीने पाहता आमच्या शिंप्यांनी पट्ट्या आणि पेच यांच्या पुष्कळ आधी हा प्रश्न सोडविला होता. पण दोहोंत एक भेद आहे, आणि तो मला काही दिवसांनी उमगला. चंची बांधलेली असते ती सोडण्यासाठी. ओटीवर चार माणसे बसली की कोणीतरी चंची सोडी, आणि ती सोडली म्हणजे अर्धा तास कोणी उठत नसे. तिच्यातील एकही वस्तू केवळ मालकासाठी नव्हती. अडकित्ता एका हातातून दुसऱ्या हातात जाई, आणि चंची हलकी होऊन परत बांधली जाई. तिची व्यवस्था ही देण्याची व्यवस्था होती. घडीतून मात्र काही देता येत नाही.

हे मी अनुभवाने सांगतो. परीक्षेच्या दिवसांत एकदा माझ्या खोलीतील कपाट उघडावयाचे होते आणि मी वर्गात अडकलो होतो. शिपाई दारात येऊन उभा राहिला. जुना जुडगा असता तर कडीतून किल्ली नखाने सरकवून दिली असती, किंवा जुडगाच त्याच्या हातावर ठेविला असता. घडीतील कपाटाची किल्ली सोडवावयाची म्हणजे पेच सोडविणे आले. पेच नाण्याने फिरतो. नाणे शिपायाने दिले. पेच निघाला, आणि त्याबरोबर त्या टोकाच्या सर्व किल्ल्या व वायसर साठ मुलांसमक्ष जमिनीवर पसरले. एक वायसर अद्याप सापडलेला नाही. मग संबंध घडी दिली असती तर? तसेही करून पाहिले. तेव्हा माझ्या घराची, दुचाकीची आणि ग्रंथसंग्रहाची किल्ली कपाटाबरोबर फिरावयास गेली, आणि मी संध्याकाळी घराच्या पायरीवर बसून राहिलो.

हा दोष चुकून राहिलेला नाही. पट्ट्या आवळलेल्या असल्या तरच घडी घडी राहते. एक किल्ली काढली की बाकीच्या सैल होतात, खुळखुळतात, आपोआप उघडतात. तिच्या कर्त्याने असे गृहीत धरले आहे की, माणसाच्या किल्ल्यांची संख्या ठरलेली असते, त्या सर्व त्याच्या स्वतःच्या असतात, आणि त्या त्याच्याजवळच राहतात. ही तिन्ही गृहीतके ज्या गावी खरी असतील तेथे घडीला तोड नाही. रत्नागिरीत तिन्ही खोटी आहेत.

आमच्या माजघराच्या दारामागे पाच खुंट्या आहेत व त्यांवर मी ज्या कुलपांचा मालक नाही अशा चार घरांच्या किल्ल्या आहेत. आमच्या आळीत हे सांगण्यात विशेष काही नाही; बहुतेक घरांत अशी एखादी खुंटी सापडेल. या जिल्ह्याने गिरण्यांच्या काळापासून मुंबईला माणसे पुरविली. घर मागे राहिले, दाराला कुलूप लागले, आणि किल्ली मुंबईस न जाता शेजारी राहिली. चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला येणार. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाल्यापासून येणे सोपे झाले, पण कुलपे कमी झाली नाहीत. येण्याच्या आधी दोन दिवस फोन येतो की, किल्ली कोणा बाईला देऊन घर झाडून ठेवा. सणाचे पाच-सात दिवस दार उघडे. मग किल्ली पुन्हा खुंटीला. एकीला लाल चिंधी बांधलेली आहे, एकीला करवंटीचा घासून गुळगुळीत केलेला तुकडा, एकीला नुसती सुतळी. चौथी इतकी मोठी आहे की तिला खुणेची गरज नाही. या किल्ल्यांनी मी स्वतः क्वचितच कुलूप उघडले असेल. त्या मजकडे आहेत त्या दुसऱ्यास देण्यासाठी.

१६ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ आमच्या किनाऱ्याजवळून गेले. दुपारी वारा असा होता की, माडांचे शेंडे जमिनीकडे वळलेले दिसत. संध्याकाळी पाहिले तेव्हा शेजारच्या बंद घराची पश्चिमेकडील कौले उडाली होती आणि पाऊस सरळ आत माजघरात पडत होता. घराचे मालक भांडुपला. त्या दिवसांत साथीमुळे प्रवासास बंदी. ते निघू शकत नव्हते. फोनवर म्हणाले, "भाऊ, काय ते तुम्ही बघा." करवंटीची किल्ली खुंटीवरून काढून सुताराच्या हाती दिली. रात्री आठपर्यंत धान्याची पिंपे, देव आणि भिंतीवरील त्यांच्या वडिलांची तसबीर आमच्या पडवीत आली. छपरावर ताडपत्री चढली. पुढले पंधरा दिवस ती किल्ली सुतार, कौले आणणारा टेम्पोवाला आणि वीजजोडणी पाहणारा मुलगा यांच्या हातांतून फिरत होती, आणि माझ्याकडे परत आली तेव्हा तिला सिमेंट लागलेले होते. ती एखाद्या पट्टीत आवळलेली असती तर काय झाले असते, याची मी कल्पना करतो. भिजलेल्या बोटांनी, वाऱ्यात, नाणे शोधत!

चिरंजीवांनी या आक्षेपास जे उत्तर दिले ते मला येथे नमूद केलेच पाहिजे, कारण माझ्या टीकेतील सर्वांत दुबळी जागा त्यांनी अचूक पाहिली. ते म्हणाले, "बाबा, मी पाचव्या मजल्यावर राहतो. समोरच्या दारामागे कोण राहते ते मला ठाऊक नाही, आणि त्यांनाही मी ठाऊक नाही. किल्ली देऊ कुणाला?" घडी त्यांच्या आयुष्याला चपखल बसते यात शंका नाही. त्यांच्या चारही किल्ल्या त्यांच्याच आहेत. वस्तू आपल्या काळाला सत्य असावी एवढीच जर अपेक्षा असेल, तर ही वस्तू सत्य आहे, आणि तिला दोष देणे म्हणजे आरशाला दोष देणे होय. मला त्या क्षणी उत्तर सुचले नाही. मागाहून जे सुचले ते उत्तर नव्हतेच. मी त्यांना विचारले की, तू आजारी पडलास तर दार कोण उघडील? ते हसले, आणि कुलूपवाला बोलवावा लागेल असे म्हणाले. त्यांच्या आईला हसू आले नाही.

उलट बाजूही सांगतो. खुंटीवरच्या किल्ल्या म्हणजे निव्वळ सौजन्य, असे नागर वाचकाने समजू नये. पाचवी खुंटी रिकामी आहे. तीवर पूर्वी एका सामाईक घराची किल्ली होती. सातबाऱ्यावर नावे वाढत गेली, भावाभावांत बोलणे बंद झाले, आणि एका मे महिन्यात तिघांनी एकाच दाराला तीन कुलुपे लावली. किल्ली माझ्याकडे ठेवावी तर ती कोणाची म्हणून ठेवावी? मी ती ज्याच्याकडून घेतली होती त्याला परत केली. इतर दोघे तेव्हापासून मजशी जेवढ्यास तेवढे बोलतात. दुसऱ्याची किल्ली ठेवणे हा मान आहे तसा गळफासही आहे, आणि घडी बाळगणारा माणूस त्या गळफासातून सुटतो, हे मान्य केले पाहिजे.

भाषेतही या दोन वृत्ती दिसतात. 'कुलूप' अरबीतून आले. 'चावी' ही पोर्तुगीजांनी पश्चिम किनाऱ्यावर ठेवून दिलेली वस्तू आहे. 'किल्ली' मात्र कील म्हणजे खुंटी किंवा खिळी या कुळातली. पण आपल्याकडे किल्ली ठेवण्यापेक्षा किल्ली स्वाधीन करणे हाच मोठा प्रसंग मानला गेला. १६६५ सालच्या पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांनी तेवीस किल्ले मोगलांस दिले, आणि किल्ला देणे म्हणजे किल्ल्या देणे. जे दिले गेले ते पुढे परत मिळविले, हाही इतिहास आहे. जे कधी हातून सुटूच शकत नाही त्याचा इतिहास होत नाही. त्याची फार तर यादी होते.

तेव्हा गटेच्या दुसऱ्या प्रश्नाचे माझे उत्तर असे की, किल्ल्या बाळगणे एवढेच योजिणे हे अपुरे योजिणे आहे. कर्त्याची बुद्धी बाळगण्यापाशी थांबली. त्याने एका टोकाचा पेच काढून तेथे दाबताच सुटणारी एखादी कळ बसविली असती, म्हणजे एक किल्ली बाकीच्यांना धक्का न लावता देता आली असती, तर मी हे परीक्षण निराळे लिहिले असते. अशी कळ करणे अशक्य नाही. छल्ल्याच्या आकड्याला ती युक्ती साधलेली होती. ज्यांना चार किल्ल्या आहेत व त्या चारही कोणास द्यावयाच्या नाहीत, अशा वाचकांनी घडी अवश्य घ्यावी. किंमत फार नाही, आणि खिसे वाचतात.

माझ्या घडीत सध्या दोन किल्ल्या आहेत, दुचाकीची आणि ग्रंथसंग्रहाची. मध्ये जागा पुष्कळ राहिल्यामुळे ती थोडी खुळखुळते, व विद्यार्थी पुन्हा मला ओळखू लागले आहेत. घराची किल्ली मी काढून घेतली. ती समोरच्या काकूंकडे असते. त्यांच्या खुंटीवर तिला काय खूण बांधली आहे ते मी अजून पाहिलेले नाही.